पाटी आणि पाट

पिवळी पाटी, चार फूट बाय चार,
सुनावणीच्या दहा दिवस आधी
जागेवर दिसली पाहिजे. नियम आहे.
दोन खांब, एक पहार, एक घण
आणि मी, वेंडेल प्रुइट, नगर नियोजन खातं,
बॉइझी, आयडाहो.
पाट्या टाकतो असं कामचुकार माणसाला म्हणतात.
मी खरोखरच टाकतो,
आणि घाम गाळून.

मार्चमध्ये पाटी निघाली
उरिआर्तेंच्या आलुबुखाराच्या बागेवर.
अकरा एकर. आज शेती. उद्या एकशे चाळीस घरं,
खाली दुकानं, मधे ‘सामायिक हिरवळ’.
आमच्या नकाशात तो तुकडा फिकट हिरवा होता,
तो गुलाबी व्हायचा होता.
भाऊ फिनिक्सला असतो. त्यानं विकली.
मायतेकडे उरलं कोपऱ्यातलं घर
आणि पाण्याची पाळी :
मंगळवारी रात्री दोन ते साडेचार.

पहार मारली तर दगडच लागेना.
साठ वर्षं शेणखत खाल्लेली माती,
खांब इतका सहज आत गेला
की मलाच ओशाळल्यासारखं झालं.
कुंपणापलीकडून ती बघत होती.
म्हणाली, ‘जरा डावीकडे घे,
तिथून पाट जातो.’

मी डावीकडे घेतलं.

सभागृहात प्रत्येकाला तीन मिनिटं.
हिरवा दिवा, पिवळा, लाल.
बिल्डरची वकील बागेला
‘रिकामी जागा’ म्हणाली. चौदा वेळा. मी मोजलं.
शेजाऱ्यांनी रहदारी काढली, सावली काढली,
शाळेतली अपुरी बाकं काढली,
एकानं तर घुबड काढलं.
आणि दर दुसऱ्या माणसाचं
‘घरांना आमचा विरोध नाही, पण...’
त्या ‘पण’वर
अख्खं उपनगर वसवता आलं असतं.

मग जोसेलिन बारांका उठली,
रात्रपाळीला निघालेली, दवाखान्याच्या निळ्या कपड्यांत.
म्हणाली, रोज पंचावन्न मैल येते, पंचावन्न जाते.
इथं बसलेल्यांपैकी तिघांच्या आयांना
मी कुशीवर वळवलंय, पुसलंय.
तुमच्या गावात मला उघडायला
एक दार नाही.
आणि पिवळा दिवा लागायच्या आत
ती खाली बसली.

मायते सगळ्यात शेवटी.
मला वाटलं, झाडांबद्दल बोलेल, वडिलांबद्दल.
तिनं एवढंच विचारलं :
‘मंगळवारी रात्री दोनला
एकशे चाळीस घरांतून
दारं धरायला कोण उठणार?’

कुणीतरी हसलं. अध्यक्षांनी लिहून घेतलं.

चार विरुद्ध तीन. मंजूर.
बारा घरं ‘परवडणारी’.
कुणाला, ते पाटीवर मावण्यासारखं नव्हतं.
अट क्रमांक नऊ : पाट बंद नळातून न्यावा.
तिच्या प्रश्नाला मिळालेलं उत्तर ते हेच.

पाटी उपटायचं कामही माझंच.
दोन भोकं राहिली, मनगटाएवढी.
बुजवायला फावडं आणलं नव्हतं.

त्या आठवड्यात मी एक फाइल काढली,
कुणी सांगितलेलं नसताना.
मी राहतो ती इमारत, तिसरा मजला, पार्किंगसकट :
एकोणीसशे सत्त्याऐंशी, बीटाचं शेत,
पाटी लावणारा कुणी आर. डगन.
आक्षेप : एक.
श्री. ताकेउची. पाण्याबाबत.
पुढे काही नाही. शिक्का.

जोसेलिनला घर मिळालं का, ठाऊक नाही.
यादीत ती एकविसावी होती.
मायते अजून दिसते, रबरी बूट घालून,
तारेच्या जाळीपलीकडे यंत्रं बघत उभी.
मी हात करतो. तीही करते, कधीकधी.

मंगळवारी मात्र मला जाग येते.
दोन वाजलेले असतात.
खिडकीखाली गाड्या ओळीत गप्प,
आणि डांबराखालून काहीतरी
घाईघाईनं जात असतं.
नळ असावा.
मी उठतो, चपला घालतो,
आणि दाराशी जाऊन
थांबतो.